आंबटाशी धरलेलं वैर

माझा धाकटा गातो, ठीक आहे, पण माणसानं एवढं हट्टी असावं? कुणा गवयानं सांगितलं, आंबट खाल्लं की आवाज बसतो. झालं! यानं लिंबू, संत्रं, टोमॅटो, सगळं ताटातून बाद केलं. पुढे हिरवी भाजी दिसली तरी नाक मुरडायला लागला. आठ महिने नुसता दूध-भात आणि ब्रेड. मी बोलायला लागले की गळ्याला मफलर गुंडाळून गप्प.

एका सकाळी सूनबाई त्याच्या उशीचा अभ्रा घेऊन आली. रक्ताचे डाग. हिरड्यांतून येत होतं. त्याचा पायजमा वर करून पाहिलं, तर पोटऱ्या काळ्यानिळ्या.

मी सुनेला म्हटलं, "तू मारतेस की काय गं याला?"

"मनात रोज येतं, आई. सवड कुठे मिळते?"

हसले मी, पण त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई माझ्या थोरल्या नातीच्या वयाची. म्हणाली, कारणं बरीच असतात. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी असतील, यकृत बिघडलं असेल, दुखण्याच्या गोळ्या फार झाल्या असतील, नाहीतर रक्ताचाच आजार. शेवटचं ती हळू बोलली, तेच मला मोठ्यानं ऐकू आलं. रक्त तपासायला दिलं. दोन दिवस मी कुणाशी धड भांडलेसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. त्यातलं काहीच नव्हतं. मग तिनं विचारलं, "खाता काय तुम्ही?" यानं मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"फळं-भाज्यांतलं क जीवनसत्त्व मिळालं नाही, की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कच्च्या पडतात. जरा धक्का लागला की रक्त झिरपतं. गोळ्या देते, रोज फळं खा. थोड्या दिवसांत थांबेल."

"आणि माझा गळा?"

"गळ्यातही रक्तवाहिन्याच असतात," ती म्हणाली.

मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. वळले तेव्हा माझा आवाज चांगला ठणठणीत होता.

"दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, गाढवा, आणि तुला गळ्याची पडलीय! आजपासून मी वाढीन ते गुमान संपवायचं. आवाज बसला तर बसू दे. बसक्या आवाजाचा मुलगा मला चालेल."