न पडणारी गोटी

माझा मुलगा लेथवर काम करतो आणि त्याला वाईट काम जमत नाही. एवढाच त्याचा दोष, पण त्या दिवशी तो सुनेच्या मुळावर आला.

सून कॉलेजात हंगामी शिकवायची. कायम व्हायचं तर प्राचार्यबाई आणि दोन परीक्षकांसमोर पाठ घ्यायचा होता. विषय, अणू कोसळत का नाही. तिने नवऱ्याकडून पितळेचं रुंद नरसाळं करून घेतलं. गोटी फिरत फिरत मधल्या भोकात पडणार, आणि जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे इलेक्ट्रॉनही असाच केंद्रात पडायला हवा, असं ती दाखवणार होती. पठ्ठ्याने पाठाच्या दिवशी सकाळी नरसाळं हातात दिलं, तेही आरशासारखं घासून! जड होतं म्हणून उचलायला मी गेलो आणि मागच्या बाकावर बसलो.

तिने गोटी सोडली. फिरतेय, फिरतेय, पडायचं नाव नाही. पोरं खुसखुसू लागली. एका परीक्षकाने घड्याळ पाहिलं.

सून मात्र हसली. "हे आमच्या ह्यांचं काम. घर्षणच ठेवलं नाही, तर गोटी पडेल कशी? पण इलेक्ट्रॉनला ही सोय नाही. त्याच्यावर विद्युतभार आहे. जुन्या नियमाने तो गोल फिरला की प्रकाश टाकणार, ऊर्जा गमावणार. कितीही घासा, सुटका नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत अणू खलास. मग अणूंचंच बनलेलं हे टेबल उभं कसं?"

तिने गोटी उचलून बाजूला ठेवली.

"कारण इलेक्ट्रॉन गोटी नाहीच. तो लाटेसारखा पसरलेला असतो. केंद्र त्याला ओढतं, पण जितक्या लहान जागेत कोंडाल, तितकी त्याची चुळबुळ वाढते."

माझा नातू असाच. मांडीवर आवळून धरला की जास्तच हातपाय झाडतो. मला लगेच पटलं.

"ओढ आणि चुळबुळ यांचा जिथे मेळ बसतो, ती त्याची सर्वांत कमी ऊर्जा. तिच्याखाली जागाच नाही, म्हणून पडणंही नाही."

"मग गोटी आणलीत कशाला?" घड्याळवाल्याने विचारलं.

"तो कसा नाही, ते कळायला."

प्राचार्यबाईंनी बाहेर येऊन, कायम केल्याचं तिथल्या तिथे सांगितलं. मला इतका आनंद झाला की नरसाळं हलकं वाटलं. सुनेने नवऱ्याला फोन लावला, घडलेलं सगळं सांगितलं.

पलीकडून काळजीचा आवाज आला, "अजून थोडं घासायला हवं होतं का गं?"

सून हसता हसता रडायलाच लागली.