पाळण्यातली ढोलकी

आंधळगावच्या आमच्या भजनी मंडळात आता चौघेच उरलो आहोत. मी गाते, जमुनाबाई टाळ धरते, तलावावर जाळं टाकणारा देवानंद पेटी वाजवतो आणि ढोलकीवर भोजराज. बाकीचे काही वयानं गेले, काही मोबाइलनं.

भोजराजची बोटं कधी स्वस्थ बसलेली मी पाहिली नव्हती. एसटीत समोरच्या सीटच्या पत्र्यावर, पंगतीत ताटाच्या कडेवर, एकदा तर मयतीच्या घरी बाकड्यावर त्यानं ठेका धरला होता आणि रडणाऱ्या बायका नकळत त्याच लयीत रडायला लागल्या होत्या. म्हणून एका सोमवारी भजन आटोपल्यावर तो ढोलकीला खोळ घालता घालता जे बोलला, ते मला लागलं.

"वयनी, पोळा झाला का मी डीजेच्या गाडीवर जाऊन राहिलो. ढोलकी इकून टाकतो."

"तेथी काय वाजवशीन?" जमुनाबाईनं विचारलं.

"बटन."

"कोणतं बटन?"

"चालू-बंदचं." तो खाली बघून म्हणाला, "काय करू? भजनाले चहा भेटते अन् नारळ भेटते. नारळाची चटणी खाऊन खाऊन पोरं मले पाहून पळते."

मी मोठ्यानं बोलणारी बाई नाही. घरी येऊन तुळशीपुढे दिवा लावला आणि एवढंच मागितलं की भोजराजची ढोलकी गावाबाहेर जाऊ नये. मागताना शब्द नीट निवडावेत हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी राखी आली. ती नागपूरला एका कार्यक्रम ठरवून देणाऱ्या ऑफिसात काम करते. तिनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"मोठी माय, तुमी फुकट गाता म्हणून लोकं फुकटातलं आयकते. पैसेवाल्याच्या घरी जावं लागते. नामकरण, साक्षगंध, वाढदिवस. आपून होऊन भाव सांगाचा, आधी बयाणा घ्याचा, अन् मंगच तारीख द्याची."

तिनं आमचा व्हिडिओ काढला, कुठे कुठे पाठवला, आणि खरंच एक फोन आला. तुमसर रोडवरच्या राईस मिलचे नत्थूसेठ. नातवाचं नामकरण होतं. राखीनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"काय घेता?" सेठनं विचारलं.

मी सवयीनं म्हणाले, "तुमच्या मनाला येईल ते द्या."

पलीकडे शांतता पडली. माणसाला वाईट वास आला की तो गप्प होतो, तशी. राखीनं मला चिमटा काढला.

"बरं, पाहू," सेठ म्हणाले. "जमलं त सायंकाळी सा वाजता या."

"सहाला नाही जमायचं," मी म्हणाले. "दिवेलागणीला मला माझ्या हातानं तुळशीला दिवा लावावा लागतो. माझा नेम आहे."

राखीनं डोळे मिटून घेतले. काम गेलं असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. पण सेठचा आवाज एकदम सरळ झाला.

"मंजे... तुळस आमी ठेवाची?"

राखीचे डोळे उघडले. "हाव. वृंदावनासकट."

"आणखी काय लागते बाईले?"

राखीनं माझ्याकडे पाहिलं. मी खरं तेच सांगितलं, की गाईला घास दिल्याशिवाय मी पाणीही पीत नाही, गातही नाही.

"गायबी आमचीच? कोणत्या रंगाची?"

"पांढरी," राखी म्हणाली. हे मात्र मी सांगितलं नव्हतं.

"मांगच्या साली नागपूरचा गायक आणला होता," सेठ आदरानं म्हणाले, "त्यानं नुसतं थंडं पाणी मांगतलं होतं. बाई भारी दिसते बाप्पा." मग राखीनं जो भाव सांगितला तो ऐकून देवानंद उठून अंगणात जाऊन आला. सेठनं एका शब्दानंही घासाघीस केली नाही.

फोन ठेवल्यावर तिघंही माझ्याकडे बघत राहिले. माझे उपास आणि नेम इतकी वर्षं त्यांना अडचणच वाटायचे.

"अटीचाच भाव आहे, मोठी माय," राखी म्हणाली. "जितक्या अटी, तितका कलाकार मोठा. बाकीच्यायले काही व्रत नाही का?"

"मलेबी व्रत हाये," देवानंद घाईनं म्हणाला. "पाणी दिसल्याबिगर मी पेटीले हात लावत नाही."

"माहं असं हाये," जमुनाबाई म्हणाली, "का माह्यासाठी कोनाच्या तरी जावयानं उठून जागा द्याची. मंगच मी बसतो."

"जमुनाबाई!"

"काहून? सारे लोक जावयाले उठून जागा देते. एखाद्या दिवशी त्यायनंबी उठावं."

भोजराजला काही सुचेना. दोन दिवस तो तोंड पाडून हिंडला आणि मग येऊन म्हणाला, "ढोलकीले पयले पाळण्यात घालाचं. घरच्या बायायनं झोका द्याचा. मंग वाजवाची."

मी त्यांना नीट समजावलं. खोटं व्रत मी चालू देणार नाही. सेठला सांगायचं असेल तर रोज पाळावं लागेल, माझ्यासारखंच. मला वाटलं होतं, रोजचं म्हटल्यावर मागे हटतील. पण कोणीच हटलं नाही. देवानंद कुठेही गेला तरी पाण्याचा तांब्या समोर ठेवून बसू लागला. जमुनाबाईला चार मुलगेच, घरात जावई नाही. तेव्हा ती रोज सकाळी सुलोचनाबाईच्या घरजावयाकडे जायची. तो बिचारा तिला लांबून पाहिलं तरी बाजेवरून उठायला शिकला. आणि भोजराज रोज संध्याकाळी ढोलकीला पाळण्यात घालून झोका द्यायचा. त्याची बायको शेजारणींना सांगायची, "पोराईच्या वक्ती एक दिवस दोरी धरली नाही या मानसानं."

नामकरणाच्या दिवशी सेठनं काही कमी ठेवलं नव्हतं. मंगल कार्यालयाच्या गच्चीवर मांडव, मांडवात संगमरवरी वृंदावन, आणि माल चढवायच्या लिफ्टनं वर आणलेली पांढरी गाय. देवानंदसाठी काचेची टाकी होती आणि तीत जिवंत रोहू सोडलेले. तो पेटीसमोर बसला, पण कार्यक्रमभर त्याची नजर माशांवरून हलली नाही. सेठचे मोठे जावई स्वतःच्या गाडीनं गोंदियाहून आले होते. त्यांना माइकवरून नाव घेऊन उठवलं. जमुनाबाई पदर सावरून बसली तेव्हा टाळ्या पडल्या.

पाळणा मात्र एकच होता. बाळाला त्याची आत्या टीना हिनं मांडीवर घेतलं आणि ढोलकी पाळण्यात गेली. जरीचं दुपटं, मोत्यांच्या झालरी. बायकांनी झोका दिला, आणि पाळणा हलला की बायकांच्या तोंडी आपोआप पाळणाच येतो. ते गाणं चालू असताना एका म्हाताऱ्या आजीनं वाकून सवयीनं कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. ढोलकीच्या कानात. प्रितम.

एकदा सांगितलेलं नाव परत घेता येत नाही, असं वडीलधाऱ्यांचं मत पडलं. बाळासाठी घाईघाईनं दुसरं नाव शोधलं. मोनू. तात्पुरतं.

मग माझी पाळी. मी दिवा लावला, टाळ्या. गाईपुढे घास धरला. पण गच्चीवर आल्यापासून प्रत्येक पाहुण्यानं फोटो काढत तिला पोळी भरवली होती. तिनं तोंड फिरवलं. माइकवरचा माणूस हळू आवाजात म्हणाला, "गोमाता विचार करून राहिली." तीनशे माणसं श्वास रोखून गाईकडे बघत बसली. माझा हात अवघडला. तिनं शेवटी जीभ काढून घास घेतला तेव्हा फटाके लागले, लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले आणि जेवणाचे काउंटर उघडले.

गच्ची क्षणात रिकामी झाली. नत्थूसेठ डोळे पुसत आले आणि राखीच्या हातात पाकीट दिलं.

"मन भरून आलं, बाई. असा कार्यक्रम उभ्या जिल्ह्यात झाला नाही."

"पण सेठजी, आम्ही गायलो कुठे?"

"आता आणखी काय गाता!" ते म्हणाले आणि मला जेवायचा आग्रह करू लागले.

त्यानंतर फोन थांबले नाहीत. साकोली, पवनी, लाखांदूर. कोणी विचारायचं गाई दोन असल्या तर चालेल का, कोणी विचारायचं आमचे जावई तीन आहेत, तिघंही उठले तर बाई जास्त वेळ बसेल का. भजन कोणतं, हे कोणीच विचारलं नाही. आम्ही जायचो, व्रतं पूर्ण व्हायची, जेवणं सुरू व्हायची, आम्ही यायचो. भोजराजच्या घराला पत्रे नवे लागले. डीजेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

"अटीच इतक्या झकास हाये का वाजवाची गरज नाही," देवानंद खुशीत म्हणायचा.

मीही देवाचे आभार मानत होते. पण एकदा पवनीहून येताना एसटीत भोजराज माझ्या पुढच्या सीटवर बसला होता. रस्ता खराब, पत्रा वाजत होता, आणि त्याचे हात मांडीवर पडले होते. एक बोटही हलत नव्हतं. दोन्ही हात नुसते ठेवलेले, दुसऱ्याच्या सामानासारखे.

"भोजराज, ढोलकी वाजवतोस की नाही घरी?"

"प्रितम? त्याले झोपवतो ना रोज. पण चामडं ढिलं पडलं, वयनी. लावून पाहाची हिंमत होत नाही."

मी जे मागितलं होतं ते देवानं अक्षराला अक्षर दिलं होतं. ढोलकी गावात होती. पाळण्यात.

दुसऱ्या दिवशी तुळशीपुढे मी नवं व्रत घेतलं. मी जिथे गाईन, तिथे माझं शेवटचं भजन होईपर्यंत कोणाच्याही तोंडात अन्न जाणार नाही. आणि घरी असेन त्या दिवशी गायल्याशिवाय मीही जेवणार नाही. व्रत घ्यायला कोणाला विचारावं लागत नाही, एवढा एक अधिकार बाईमाणसाला असतो.

राखी फोनवर किंचाळलीच. "लग्नाकार्यात जेवन बंद? मोठी माय, लोकं येतेच कायले?"

"तू सांगून तर बघ."

नत्थूसेठच्या मुलीचं, टीनाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. राखीनं भीत भीत अट सांगितली. सेठनं एकच विचारलं.

"ही अट याच्या आधी कोणाच्या घरी लागली काय?"

"नाही."

"मंग पक्कं करा. पाहुणे पवनीचे हाये, त्यायलेबी समजू द्या आपन काय चीज हावो."

कार्यक्रम दिवसाचा होता, म्हणून तुळस नव्हती. दिवेलागणीला मी माझ्या तुळशीपाशी पोचणार होते. बाकी सगळं होतं. टाकी, रोहू, गाय, पाळणा. यावेळी गाय खालीच, हिरवळीवर. जमुनाबाईसाठी होणारे जावईच उठले. काउंटरवर पांढरी कापडं झाकलेली आणि खालून वांग्याच्या भाजीचा वास. व्रतं आटोपली, टाळ्या पडल्या, लोक उठले, काउंटरकडे वळले, आणि माइकवरच्या माणसानं माझी अट वाचली.

लोक परत बसले.

"भोजराज," मी म्हणाले, "प्रितमला उचल."

त्यानं पाळण्यातून ढोलकी काढली. थाप मारली. ओल्या पोत्यावर मारावी तसा आवाज आला. समोरून कोणीतरी हसलं. भोजराजचं तोंड पांढरं पडलं. मग तो उठला, सरळ जिलेबीच्या शेगडीपाशी गेला आणि ढोलकीचं तोंड आचेवर धरलं. आचारी म्हणाला, "ओ भाऊ, तेल हाये तेथी!" भोजराजनं ऐकलं नाही. एक तोंड शेकलं, दुसरं शेकलं, दोऱ्या ओढल्या, पुन्हा शेकलं. सगळा मांडव त्या ढोलकीकडे बघत होता, कारण ती वाजल्याशिवाय जिलेबी नव्हती.

पहिलं भजन कच्चं गेलं. त्याचा हात दोनदा चुकला, मी लय सावरून घेतली. दुसऱ्याला नवरदेवाचे वडील पुढे वाकून म्हणाले, "बाई, अजून किती?" मी हसून डोळे मिटले. तिसऱ्याला लोक चिडून टाळ्या वाजवायला लागले, 'आटपा आता' अशा. पण चिडलेल्या टाळीलाही लय असते, आणि भोजराजनं ती अलगद उचलली. टाळी त्याची झाली. लोकांना कळलंच नाही. ते रागानं वाजवत होते आणि समेवर बरोबर येत होते.

मग भोजराज थांबेना. "वयनी, आणखी एक." एक झालं की, "आणखी एक." जमुनाबाईचा पदर पडला तरी टाळ थांबले नाहीत, आणि देवानंदनं टाकीकडे पाठ केली. माणसं डोलत होती. भक्तीनं की उपाशी पोटानं, हे मी विचारलं नाही. माझाही त्या दिवशी सोमवारचा उपास होता. पवनीची एक म्हातारी तर रडत होती. तिच्या शेजारची म्हणत होती, "साखर कमी झाली वाटते तिची," आणि म्हातारी मान हलवून म्हणत होती, "नाही वं, नाही वं. गाऊ दे."

तेवढ्यात मला दिसलं की गाईनं काउंटरवरचं कापड ओढलं आहे. तिला अट नव्हती. ती सावकाश, एका कडेनं, जिलेबी खात होती. नत्थूसेठनीही पाहिलं. पण ते टाळी वाजवत होते आणि हात सोडवेना. त्यांनी मानेनंच गाईला नको म्हटलं, तेही ठेक्यात.

शेवटचं भजन मी म्हटलं तेव्हा कोणी लगेच उठलं नाही. मग पुरीवर सगळे एकदम तुटून पडले. जिलेबी कोणाला मिळाली नाही. पाकीट देताना सेठ म्हणाले, "बाई, या वक्ती जरा लंबं झालं. पण ढोलकीवाला कोन हाये हा? मांगं होता काय?"

"होता," मी म्हणाले. "झोपला होता."

परत येताना गाडीत सेठनं सोबत दिलेला पाळणा घडी करून पायाशी ठेवला होता. भोजराजची बोटं त्याच्या लोखंडी दांड्यावर चालली होती. थांबवली तरी थांबली नसती.

"वयनी, या पाळण्याच्या व्रताचं उद्यापन करता येते काय?"

"येतं की."

"काय लागते त्याले?"

"पाच जणांना घरी बोलवायचं आणि वाजवून दाखवायचं."

"अन् जेवाले?"

"ते नंतर," मी म्हणाले, आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचवायला गाडीवाल्याला हळू आवाजात सांगितलं.