पांढरं कार्ड

लोकेशच्या लग्नाचा शर्ट नागपूरहून आला, तेव्हा त्याच्या बाह्यांना गुंड्याच नव्हत्या. मनगटाशी दोन्ही बाजूंनी नुसती काजं. माझ्या बायकोनं, कलाबाईनं, त्या शिवणाऱ्याला दोन शिव्या हासडल्या आणि दुपारी बसून दोन्ही बाह्यांना पांढऱ्या गुंड्या लावून टाकल्या. कापड दुहेरी, जाड. दोन सुया मोडल्या.

संध्याकाळी लोकेश बँकेतून आला आणि डोक्याला हात लावून बसला.

"आई, हे काय करून ठेवलं वो? याले कफलिंक लागते."

"काय लागते?"

"वेगळी जोडी भेटते. दोन्ही काजातून घालाची. काम झालं का काढून डबीत ठेवाची."

"म्हणजे एवढा भारी शर्ट, अन गुंड्या ज्याच्या त्यानं आणाच्या?" कलाबाई म्हणाली. "उद्या म्हणशील, पँट आली पण पाय घरून आणा."

खूप दिवसांनी आम्ही तिघं एकदम हसलो.

लग्नाला बारा दिवस होते. कलाबाईनं गुंड्या उसवल्या, आणि शनिवारी तोच शर्ट अंगात घालून लोकेशनं कफलिंक घ्यायला गोंदियाला जायचं ठरलं. नवरी मुलगी, स्नेहल, अर्जुनीहून त्याच गाडीनं येणार होती. तिलाही पांढऱ्या साडीवरचं ब्लाऊज आणायचं होतं. आमच्यात लग्न विहारात, पांढऱ्या कपड्यांत लागतं. लग्नाआधी दोघंच फिरली तर गावाला विषय मिळतो, म्हणून सोबत मी.

सौंदडला गाडी लागली, तेव्हा स्नेहलनं माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती.

"बसा मामाजी. यायले उभं राहू द्या, आतापासून सवय लागली पायजे."

लोकेश गोंदियापर्यंत दांडीला धरून उभा राहिला आणि सगळा वेळ हसत होता. माझा मुलगा कमी हसणारा आहे. लहानपणी घरात आजारपण पाहिलेली मुलं तशी होतात.

बाजारात दुकानदार छोटेलालनं काचेवर मखमलीचा तुकडा अंथरला आणि एकेक जोडी मांडली. सोनेरी, काळ्या खड्याची, निळी, शिंपल्याची.

"दूल्हे राजा, ये गोल्डन ले जाओ. स्टेज पे दूर से चमकेगा."

"आमच्यात स्टेज नाई राहत जी," स्नेहल म्हणाली. "विहार राहते. तिथं चमकून काय कराचं?"

"तो फिर शिंपला देखो, दीदी. सादा है, पर असली है. बिलकुल आपके जैसा."

"मी सादी हावो का?" तिनं लोकेशला विचारलं. तो शिंपल्याच्या जोडीतली एक उचलून डाव्या मनगटाला लावत होता. त्याला ती उलटी लावता येत नव्हती, सुलटीही येत नव्हती. छोटेलालनं काउंटरवरून हात पुढे करून घालून दिली.

शिंपल्याचा रंग साडीशी जुळतो का पाहावा म्हणून स्नेहलनं पर्समधून साडीच्या कापडाचा तुकडा काढला. त्यासोबत एक लहानसं कार्ड खाली पडलं. माझ्या पायाशीच पडलं, म्हणून मी उचललं.

पिवळं कार्ड. मी पंचेचाळिसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकलो, त्यामुळे मला अजूनही एकेक अक्षर धरत जावं लागतं. पण त्या कार्डावरचा पहिला शब्द मी न वाचताच ओळखला. सिकलसेल. खाली तिचं नाव होतं आणि त्याखाली 'वाहक'.

"हे तुझं होय का, बाई?"

"हो मामाजी. कॉलेजात रक्त तपासलं होतं. पिवळं म्हणजे काई होत नाई म्हणे मॅडम. लाल असलं तं होते."

"तुझ्या बाबाले, मास्तरले ठाऊक हाय?"

"बाबाले दाखवलं होतं. तुमाले सांगतलं असंल ना त्याईनं?"

मला नाही सांगितलं. सांगणार कसं? मी नीट विचारलंच नव्हतं.

माझी मोठी मुलगी अल्का. थंडी लागली की तिचे गुडघे, कोपरं सुजायची. डोळे हळदीसारखे व्हायचे. आम्ही झाडपाला केला, देवऋषीही केले, लाज वाटते सांगायला, पण केले. सोळाव्या वर्षी ती गेली. नंतर डॉक्टरांनी मला आणि कलाबाईला समोर बसवून सांगितलं होतं: हा आजार तुम्हा दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा होता, मुलीत तो पुरा झाला. लोकेशचं रक्त तपासलं तर त्याच्यातही अर्धा निघाला. त्याचं पिवळं कार्ड घरी पेटीत आहे. पिवळ्यानं पिवळ्याशी लग्न करू नये, हे आमच्या घरात लोकेशनं पाढ्यासारखं पाठ केलेलं.

म्हणून मुलगी पाहायला गेलो, तेव्हा त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाबा, तेवढं विचारून घ्या."

मी विचारलं होतं. पोहे खाऊन झाल्यावर, चार माणसांत. पण आजाराचं नाव तोंडातून निघेना. पहिल्याच भेटीत मुलीच्या बापाला तिच्या रक्ताचं कसं विचारायचं? मी म्हणालो, "मास्तर, तुमच्याकडं कार्ड कोणतं हाय?"

भोजराज मास्तर जरा चमकले आणि म्हणाले, "पांढरं. आमची नोकरी हाय ना जी, आमाले दुसरं कुठून भेटंल?"

मी तेवढंच ऐकलं. पांढरं. रक्ताचं पांढरं कार्ड म्हणजे रक्त चांगलं. बाहेर येऊन लोकेशला सांगितलं, पांढरं हाय, कर तयारी. नोकरीचा आणि रक्ताचा काय संबंध, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मास्तरांनी रेशन कार्डाचा रंग सांगितला होता. मनात म्हणाले असतील, हे कसले सोयरे, पोरगी पाहायला आले अन रेशन कार्ड विचारून राहिले.

छोटेलाल आरसा धरून होता. लोकेश मनगट वळवून पाहत होता. ते कार्ड स्नेहलच्या हातात परत देऊन मी गप्प राहू शकलो असतो. कुणालाच कळलं नसतं. मी खोटं सांगत नाही, तसा विचार करत मी ते कार्ड मुठीत धरून ठेवलं.

"लोकेश, काढ गा ते."

"काऊन? बरं नाई दिसत?"

मी कार्ड काचेवर ठेवलं. त्यानं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"बाबा, तुमी विचारलं होतं ना?"

"पसंद नहीं आया क्या?" छोटेलालनं विचारलं. "दूसरा दिखाऊं?"

लोकेशला ती कफलिंक एका हातानं काढता येईना. शेवटी स्नेहलनंच काढून दिली.

परतीच्या गाडीला गर्दी नव्हती. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. पोह्यांपासून अल्कापर्यंत. स्नेहलनं अल्काचं पुन्हा पुन्हा विचारलं. किती दुखायचं, शाळेत जायची का, शेवटी बोलली का. मी जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं.

"चार लेकरात एकाले होते म्हणते डॉक्टर," लोकेश म्हणाला. "तीन तं चांगले राहतेत ना?"

"अन चौथं?" स्नेहलनं विचारलं.

"पोटात असतानीच तपासता येते."

"तपासून मंग?"

तो म्हणाला, "लेकरू नाई झालं तं नाई. मले नाई पायजे."

"आज नाई पायजे," स्नेहल म्हणाली. "मले पायजे. मी लपवून नाई ठेवत." ती त्याच्याकडं वळली. "तुमी बहीण पाहिली. तुमी कसे म्हणता, तीन तं चांगले?"

लोकेशनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती त्याच्या शेजारीच बसून राहिली. दोघांच्या मध्ये तिची पर्स होती.

सौंदड आलं. लोकेश उठला.

"मी हिले अर्जुनीले सोडून येतो, बाबा. मास्तरले मी सांगतो."

"तू उतर," मी म्हणालो. "आईजवळ जा. मी जातो."

त्यानं वाद घातला नाही. फलाटावर उतरला आणि गाडी हलेपर्यंत आमच्या खिडकीसमोर उभा राहिला. स्नेहल त्याच्याकडं पाहत होती. मी पाहिलं नाही.

अर्जुनीला मास्तरांच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मला पाहून ते लगबगीनं पुढे आले.

"या या, सोयरे! अन जावईबुवा कुठं? काय वो स्नेहल, मामाजीले पाणी आण."

"पाणी मागाहून, मास्तर," मी म्हणालो आणि उभ्यानंच सांगायला लागलो. आजाराचं नाव घेतलं, माझ्या मुलीचं घेतलं, त्या दिवशीचा कार्डाचा घोळ सांगितला, आणि हे लग्न आता होणार नाही हेही. आतून मास्तरीणबाई दारात आल्या. स्नेहल पाण्याचा गडवा घेऊन खांबाला टेकून उभी होती.

सगळं ऐकून मास्तर बांबूंवर बसले.

"मंग त्या दिवशी सरळ नाव घेऊन काऊन नाई विचारलं जी?" ते म्हणाले. "मी का लपवलं असतं?"