लेकीच्या गालाचा रंग

रंगाच्या दुकानात मी तेहतीस वर्षं रंग जुळवतेय. गिऱ्हाईक भिंतीचा टवका घेऊन येतं, मी तो खिडकीशी धरते आणि डब्यात हुबेहूब तसाच रंग उतरवते. आठ वर्षांपूर्वी दुकानात रंग जुळवायचं यंत्र आलं. कानामागून आलं आणि तिखट झालं. पण एखादा जुना, विटलेला रंग आला की ते गांगरतं आणि मालक हाक मारतात, "बाई, जरा बघता का?" तेव्हा मला फार बरं वाटतं, खोटं कशाला बोलू!

माझी लेक क्रीमं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. सावळ्या-काळ्या कातडीसाठी उन्हाचं क्रीम बनवायचं तिनं डोक्यात घेतलं, तेव्हा सगळ्यात आधी हसले ती मीच.

"अगं, आपल्याला देवानं छत्री अंगावरच दिलीय!"

"दिलीय, पण तिला भोकं आहेत," ती म्हणाली. "तुझ्या गालांवरचं वांग दर उन्हाळ्यात का पसरतं? ऊन आपल्यालाही भाजतं, आई. आपण गोऱ्यांसारखे लाल होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही."

मी आरशापुढे जाऊन गाल निरखले.

अडचण वेगळीच होती. क्रीममधली ऊन अडवणारी भुकटी पांढरीफेक. गोऱ्या गालावर खपून जाते, आमच्या गालावर राख फासल्यासारखी दिसते. पहिल्या चाचणीला चौकात वाहतूक सांभाळणाऱ्या पोलीसबाई आल्या होत्या. दहा मिनिटांत तोंड पुसून त्या म्हणाल्या, "भर चौकात भूत होऊन उभी राहू का मी?" मग लेकीच्या साहेबांनी निक्षून सांगितलं: शुक्रवारी शेवटची चाचणी. बाईंनी पुन्हा पुसलं, तर हे काम बंद. लेकीची दोन वर्षं पाण्यात जाणार होती.

बुधवारी तिचा फोन आला. "आई, जरा बघतेस का?"

मी दुकानातला तांबड्या रंगाचा डबा काखोटीला मारूनच गेले.

"तो आधी खाली ठेव! भिंतीचा रंग तोंडाला फासतात का?" ती ओरडली. तोंडाला चालतील असे शुद्ध रंग तिच्याकडे छोट्या बाटल्यांत होतेच. "पांढरं दिसतं म्हणून आम्ही काळा घालून गडद केलं, तर अजूनच भकास झालं."

मी कपाळावर हात मारला. "एवढं शिकलीस आणि पांढऱ्यात काळा? सिमेंट होणार नाही तर काय! आधी पिवळा, मग तांबडा, काळा सुईच्या टोकाएवढा. आणि ओल्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही, वाळू द्यायचा."

"जुळवायचा कशाशी?"

"तुझ्याशी. ये खिडकीत."

खिडकीशेजारच्या भिंतीवर तिच्या शाळेतला फोटो चिकटवलेला होता. वर्गाच्या फोटोच्या दिवशी मी तिला पावडर थापून पाठवलं होतं, नऊ वर्षांच्या पोरीला. एका ओळीत बारा पोरं आणि मधे एक राखाडी तोंड.

"हा इथे कशाला लावलास?"

"विसरू नये म्हणून. असं दुसऱ्या कुणाचं तोंड दिसायला नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची हनुवटी धरून मी चेहरा उजेडाकडे वळवला. गालात तांबूस झाक, कपाळाशी जरा पिवळसर, जबड्याकडे गडद. इतका खोल, इतका तजेलदार रंग! लोकांच्या भिंती निरखण्यात जन्म गेला आणि हा रंग मी पावडरीखाली गाडत होते.

"चुकलं गं माझं."

"बोलू नकोस, आई," ती म्हणाली. "रंग बघ."

तिच्या जबड्यावर मी बोटाबोटानं अकरा पट्टे ओढले. प्रत्येक वाळू दिला, प्रत्येक पुसला. बारावा वाळला आणि मला सापडेचना. बोट फिरवलं, चिकट लागलं, तेव्हा कळलं कुठे आहे ते. त्याच मापावरून लेकीनं आणखी गडद-फिक्या छटा बांधल्या. ऊन अडवण्याची ताकद कमी झाली नाही ना, हेही तपासलं. उलट वांग वाढवणारा उजेड आता हा रंगच अडवेल, असं म्हणाली.

शुक्रवारी पोलीसबाई आल्या त्याच मुळी तोंड वाकडं करून. डोळे मिटून खुर्चीत बसल्या. लेकीनं क्रीम लावलं आणि आरसा समोर धरला. बाईंनी डोळे उघडले.

"अहो, लावा की लवकर! ड्यूटी आहे मला."

"लावून झालं."

बाईंनी गाल उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला, मग टोपी चढवून चौकात गेल्या. साहेब येरझाऱ्या घालत होते. लेक नखं कुरतडत होती, आणि मला तिला ओरडायचंही सुचलं नाही. चार तासांनी बाई घामानं निथळत परत आल्या. तोंड पुसलेलं नव्हतं.

"संपलं की परत कुठे मिळेल?" त्यांनी एवढंच विचारलं.

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. साहेबांनी तिथल्या तिथे काम पुढे चालू ठेवायच्या कागदावर सही केली. मग बारा नंबरची बाटली उजेडात धरून म्हणाले, "बाई, हा रंग तुम्ही आणलात तरी कुठून?"

मी लेकीची हनुवटी धरली आणि तिचं तोंड खिडकीकडे वळवलं.

"हा बघा अस्सल," मी म्हटलं. "मीच बनवलाय."