दुधाचं वाक्य

“हे वाक्य आधी काढा,” बाई म्हणाल्या आणि प्रुफांचा गठ्ठा त्यांनी छापखान्याच्या मालकांच्या टेबलावर ठेवला.

मालकांनी बत्तिसावं पान उघडलं. कोर्टातला प्रसंग होता. ‘न्यायाधीशांनी चष्मा काढला. दूध उतू गेलं. कोर्टात शांतता पसरली.’ मधल्या वाक्यावर पेन्सिलीची जाड रेघ ओढलेली होती.

“काहीतरीच काय, बाई! अख्ख्या पुस्तकातलं हेच तर गाजलेलं वाक्य. परीक्षेत विचारतात यावर.”

“म्हणूनच म्हणते. चाळीस वर्षं पोरांना छळलंत, तेवढं पुरे.”

मी पलीकडे शिशाच्या अक्षर-खिळ्यांच्या खणांपाशी उभा होतो. हात चालू ठेवले होते, कान मात्र टेबलाकडे. आमच्या धंद्यात हे सवयीनं जमतं. कंपोझिटरनं समोर दिसेल ते जुळवायचं, समजेल ते नाही, आणि ऐकलेलं तर मुळीच बाहेर काढायचं नाही, असं मला थोरल्या मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हे आताचे मालक म्हणजे त्यांचे चिरंजीव.

पुस्तक होतं वकीलसाहेबांचं. निदान मुखपृष्ठावर तरी नाव त्यांचंच. बाई त्यांच्या पत्नी, सतराव्या वर्षी त्या घरात आलेल्या आणि सत्ताविसाव्या वर्षी विधवा झालेल्या. पुढे त्यांनी स्वतः लिहिलं, नऊ पुस्तकं झाली, आणि त्यातली आठ मी या हातांनी जुळवली. आता वकीलसाहेबांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती. मालकांनी प्रुफं बाईंकडे पाठवून वर दोन पानांची प्रस्तावना मागितली होती. ‘पत्नीच्या नजरेतून’ असं तिचं नावही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

“प्रस्तावना नाही लिहायची?” मालकांनी विचारलं.

“लिहीन. पण हे वाक्य गेलं पाहिजे. त्याचा त्या प्रसंगाशी काडीचा संबंध नाही. कोर्टात दूध कुठून आलं?”

“प्रतीक आहे ते. अन्याय उकळून...”

“कप्पाळ! दूध आहे ते.”

मालक हसले, मग हसू आवरून म्हणाले, “हे बघा बाई, मी काही असा शब्द काढू शकत नाही. वाक्य काढायचा हक्क एकट्या लेखकाचा. आणि साहेब तर राहिले नाहीत.”

बाई खुर्चीवरून उठल्या. बासष्टीच्या बाईनं गुडघ्यावर हात ठेवून उठावं तशा उठल्या, काही नाटकीपणा नाही.

“लेखक आहे,” त्या म्हणाल्या. “लेखकच सांगतोय.”

माझ्या हातातला खिळा भलत्याच खणात पडला.

मला आश्चर्य वाटलं म्हणून नाही. मला हे वीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक होतं. मी हादरलो ते त्यांनी तोंड उघडलं म्हणून.

मला कसं ठाऊक, ते सांगतो. बाईंची लिहायची एक पद्धत होती. घरकाम करता करता लिहायचं, त्यामुळे मध्येच उठावं लागायचं. उठताना त्या वहीत, चालू वाक्याच्या पुढे, उठायचं कारण लिहून ठेवत. ‘दार वाजलं.’ ‘कपडे वाळले.’ ‘इस्त्री तापली.’ परत आल्यावर ते वाचलं की उठायच्या आधीची तंद्री पुन्हा लागते, असं त्यांचं म्हणणं. या वाक्यांभोवती त्या पेन्सिलीचं वर्तुळ काढत, म्हणजे आम्ही ती सोडून द्यायची. छापखान्यात आम्हाला त्या वर्तुळांचा मोठा शौक. कथेतलं कोण मेलं, कोण जगलं याच्याआधी बाईंची इस्त्री तापली की नाही हे आम्ही बघायचो. त्यांचं पहिलं हस्तलिखित माझ्यासमोर आलं आणि पहिलं वर्तुळ दिसलं, तेव्हाच माझ्या डोक्यात ते दूध उतू गेलं. वकीलसाहेबांचं पुस्तकही मीच जुळवलं होतं, अठराव्या वर्षी. ते वाक्य मला तेव्हाही खटकलं होतं, पण मला कोण विचारणार होतं?

मी गप्प राहिलो. नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मालकांनी धाकट्या वकिलांना बोलावून घेतलं. हे वकीलसाहेबांचे सख्खे भाऊ, पुस्तकाचे हक्क त्यांच्याकडे. वय पन्नाशी उलटलेलं, काळा कोट, आणि घरातल्या माणसाशीही साक्षीदारासारखं बोलायची खोड. बाईंना त्यांनी कित्येक वर्षांनी पाहिलं असावं. बाईंनी दुसरं लग्न केलं तेव्हा त्या घराचं दार बंद झालं होतं.

बाई आल्या त्या घड्याळवाल्यांच्या हाताला धरून. घड्याळवाले म्हणजे त्यांचे तिसरे यजमान, नाक्यावर दुकान असलेले. माझं घड्याळ मी त्यांच्याकडेच टाकायचो. दुरुस्त झालं की डोळ्याला भिंग लावून शेवटचं बघत आणि परत देताना म्हणत, “चालतंय. आता हात लावू नका.” या तिसऱ्या लग्नावर गावानं मनसोक्त तोंडसुख घेतलं होतं. त्यात नवरा पाच वर्षांनी लहान, आणि आयुष्यात एक पुस्तक वाचलेलं नाही. लोकांना तर मेजवानीच मिळाली.

“वहिनी,” धाकटे वकील उभेच राहून म्हणाले, “दादांना जाऊन पस्तीस वर्षं झाली. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. आज त्यांच्या नावावर हे असं...”

“भावजी, आधी बसा.”

“मी बसायला आलो नाही. त्यांचं हस्तलिखित माझ्याकडे आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांचंच अक्षर.”

“असणारच. नक्कल त्यांनीच केली. कोर्टातल्या मधल्या सुट्टीत बसून करायचे. अक्षर मोत्यासारखं होतं त्यांचं.”

“म्हणजे दादांनी चोरी केली, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“नाही हो.” बाईंचा आवाज मऊ झाला. “मीच म्हटलं, तुमच्या नावानं पाठवा. बाविसाव्या वर्षी माझं कोण छापणार होतं? त्यांना वाटलं होतं, चार लोक वाचतील आणि विसरतील. तर झाली वाहवा. सत्कार झाले. मग त्यांना ती वाहवा परत करता येईना. शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले, सांगून टाकू का? मी म्हटलं, पडून राहा, ताप वाढेल.”

“हे सगळं तुमच्या तोंडचं. पुरावा?”

मी चाळीस वर्षांत मालकांच्या टेबलापाशी न बोलावता गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. हाताला शाई तशीच.

“साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो. पण तुमच्या भावाचं पुस्तक मी जुळवलंय आणि बाईंचीही जुळवलीत. दुधाचं वाक्य बाईंचं आहे. उठताना असं लिहून ठेवायची त्यांची रीत आहे. साहेबांच्या हातून नकलेत ते चुकून आत आलं.”

“तुम्हाला कुणी विचारलं?” मालक म्हणाले.

“कुणीच नाही. तेच तर चुकलं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार बिभार काही नव्हतं, नुसतं ‘अरे, तुम्हालाही ठाऊक होतं तर’ असं. मला मान वर करवेना.

मग त्यांनी पिशवीतून एक वही काढली. कडा झिजलेल्या, पुठ्ठ्याला दोऱ्याचे टाके. त्यांनी ती उघडून धाकट्या वकिलांपुढे धरली आणि म्हणाल्या, “तेव्हा मी वर्तुळ काढत नसे. या फजितीनंतर काढायला लागले. वाचा. हे पान संपतं तिथं पहिलं वाक्य आहे, उरलेलं पाठीमागे. नक्कल करताना तुमच्या दादांनी पान उलटलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असणार. पाठीमागचं गाळलं, आधी उतरवलेलं दुधाचं वाक्य खोडायचं राहून गेलं.”

धाकट्या वकिलांनी चष्मा लावला. पानाच्या तळाशी असलेलं वाक्य वाचलं, पान उलटलं. मग स्वतःशीच, वाचून दाखवावं तसं म्हणाले, “भावजींना ताप. उरलेलं दूध त्यांना. पोराचा घसा दुखतो तरी रडत नाही, मी घाबरेन म्हणून. उद्या इथून पुढे.”

आता ते बसले.

“अकरा वर्षांचा होतो मी,” ते म्हणाले. “आई नव्हती. अठरा दिवस पडून होतो.”

“एकोणीस.”

“दूध करपट लागत होतं, वहिनी. मी बोललो नाही.”

“करपलंच होतं. मला काय ठाऊक नव्हतं?”

तो काळ्या कोटातला माणूस वहीवर हात ठेवून बसून राहिला. डोळे पुसायची लाज वाटत असावी, म्हणून चष्माच पुसत होता. मालकांनी उगाचच खिडकी उघडली. माझंही काही खरं नव्हतं.

“तुम्ही दुसरं लग्न केलंत तेव्हा मी तुमची पत्रं न उघडता परत पाठवली,” ते म्हणाले.

“हो. मी जपून ठेवलीत. कधी वाचावीशी वाटली तर आहेत.”

धाकट्या वकिलांनी प्रुफाचं पहिलं पान पुढे ओढलं आणि भावाच्या नावावर स्वतः रेघ मारली. रेघ सरळ आली. “नाव काय घालायचं, वहिनी? आमचं आडनाव? की संपादकांचं?”

संपादक म्हणजे दुसरे यजमान. त्यांच्या मासिकात बाई स्वतःच्या नावानं पहिल्यांदा लिहू लागल्या. नऊ वर्षं संसार झाला, मग काडीमोड. बाई एक ट्रंक आणि वह्यांचं गाठोडं घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा ट्रंक मी उचलली होती, म्हणून ठाऊक.

बाई हसल्या. “तुमच्या दादांनी माझं नाव काढून घेतलं, पण वाक्यं जशीच्या तशी ठेवली. संपादकांनी नाव दिलं आणि प्रत्येक वाक्यात स्वतःचा हात घातला. दोघांत बरा कोण, हे अजून मला ठरवता येत नाही.” मग त्यांनी मानेनं दाराशी उभ्या घड्याळवाल्यांकडे दाखवलं. “हे तर वाचतच नाहीत. मी लिहायला बसले की दुकानातलं काम घरी आणून दारात बसतात, कुणाला आत सोडत नाहीत. एकोणीस वर्षं झाली. यांनीच इस्त्री तापवायला घेतली, तेव्हापासून वर्तुळं कमी झालीत बघा.”

मी बघितलीच होती. शेवटच्या तीन पुस्तकांत मिळून चार वर्तुळं. आम्हाला वाटायचं, बाई म्हाताऱ्या झाल्या, कामं होत नसतील.

“नुसतं माझं नाव घाला,” बाई म्हणाल्या. “आईबापानं ठेवलेलं. त्याच्यापुढे काही नको.”

“आणि ते वाक्य?” मालकांनी विचारलं.

“ते राहू द्या ना,” धाकटे वकील घाईनं म्हणाले. “वहिनी, माझ्यासाठी. आता मला कळलंय ते काय आहे.”

मला वाटलं, आता बाई विरघळणार. कुणीही विरघळलं असतं. त्यांनी क्षणभर दिराच्या पांढऱ्या झालेल्या डोक्याकडे पाहिलं. मग पेन्सिल उचलली आणि कालच्या रेघेवर आणखी एक रेघ ओढली.

“कथेत कुणालाही ताप नाही, भावजी,” त्या म्हणाल्या. “वही तुम्ही घेऊन जा.”

ती ओळ मी त्यांच्यासमोरच काढली. खिळे एकेक करून खणांत टाकले, दोन्ही बाजूंची वाक्यं सरकवून जवळ आणली. न्यायाधीशांनी चष्मा काढला. कोर्टात शांतता पसरली. कसं स्वच्छ झालं! चाळीस वर्षं दातात अडकलेलं काही निघावं तसं वाटलं मला. नाव गेलं ते या बाईनं सोसलं, पण एक नको असलेलं वाक्य सोसवलं नाही. मी पुष्कळ लेखक पाहिलेत. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी आपलं नाव किती ठसठशीत आलंय ते बघायचं असतं.

तीन आठवड्यांनी पहिली प्रत बांधून झाली. बाई घड्याळवाल्यांबरोबर आल्या. मी प्रत दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांनी सरळ बत्तिसावं पान काढलं, उभ्याउभ्या वाचलं, पुढचं पान वाचलं, त्याच्या पुढचंही. मग मिटून प्रत नवऱ्याच्या हातात दिली आणि नळावर हात धुवायला गेल्या.

घड्याळवाल्यांनी खुर्ची उजेडात ओढली. खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि पहिलं पान उघडलं. मोठं पांढरं पान, मध्ये बाईंचं नाव. ते ओठ हलवत एकेक अक्षर लावत होते. शेवटच्या अक्षराशी पोचले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाई हात पुसत येऊन मागे उभ्या राहिल्या.

“चला ना,” त्या म्हणाल्या. “दुकान उघडायचंय.”

त्यांनी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर भिंग उतरवलं, पुस्तक अलगद मिटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

“चालतंय. आता हात लावू नका.”