फेसाचा रकाना

हिरामणने तेलाच्या व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि टाकीच्या काचेतून आत डोकावलं. फेस अजून हातभर खाली होता. तरी सवयीने त्याने घोटभर तेल सोडलं, आणि फेस मुकाट बसला.

घरी त्याची बायको सोनाबाई भाताच्या पातेल्यात दोन थेंब तेल टाकायची, भात उतू जात नसे. इथे पातेलं दोन मजली, एवढाच काय तो फरक. आत जंतू वाढत, आणि त्यांचं एन्झाइम पुढे कपडे धुण्याच्या पावडरीत जाई. एकोणीस वर्षांत हिरामणच्या टाकीचा फेस एकदाही वर चढला नव्हता. पाळीच्या रजिस्टरात 'फेस' या रकान्यात त्याच्या वळणदार अक्षरात ओळीने 'नाही', 'नाही'. रोह्याजवळच्या त्या कारखान्यात पाहुणे आले की साहेब कौतुकाने ती पानं दाखवत, आणि हिरामण शेजारी उगाच व्हॉल्व्ह पुसत उभा राही. अभिमान लपवणं त्याला कधी जमलं नाही.

"काका, ऑक्सिजन परत उतरला," कल्पिता मीटरकडे बघत म्हणाली. "एक्केचाळीस होता, बत्तीसवर आला."

म्हसळ्याची ही पोर, इंजिनिअर होऊन दोन वर्षं झालेली. ढवळणी हळू फिरवली तरी जंतूंना ऑक्सिजन पुरतो, वीज उगाच जळते, असं तिचं म्हणणं, आणि त्याचीच ही चाचणी. ऑक्सिजन तिसाखाली गेला की चाचणी फसली. दोनदा फसली होती. साहेबांनी आज शेवटची संधी दिली होती.

"माझंच गणित चुकलं असणार," ती पुटपुटली.

हिरामणची नजर मीटरवरून व्हॉल्व्हवर गेली. तेल सोडलं की टाकीला धाप लागते, हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! मग ढवळणी वाढवायची, की झालं. आज मात्र ढवळणीला हात लावायचा नव्हता.

"बाय, तेलानं काय व्हतं गं आत?"

"बुडबुडे एकमेकांना चिकटून मोठे होतात नि भसकन वर निघून जातात. हवा मुरतच नाही. पण तुम्ही कुठे तेल सोडता? रजिस्टरात नाही कधी."

घोटभर तेल लिहितो कोण! हिरामणचे कान तापले. त्याने व्हॉल्व्हवरचा हात काढला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

थोड्या वेळाने फेस चढू लागला. तो वरच्या हवेच्या फिल्टरला भिडला, की बाहेरचे जंतू आत शिरणार आणि सगळा माल गटारात जाणार. काच पांढरी होत गेली.

"काका, तेल!"

"न्हाय. मी हाय ना हितं."

चार बोटं जागा उरली आणि फेस थबकला; ढवळणी संथ, त्याला आणखी जोर मिळेना. काही वेळ तिथेच थरथरला, मग हळूहळू उतरला. मीटर छत्तीसवर आला, मग एक्केचाळीस, चव्वेचाळीस. ढवळणी तशीच संथ फिरत होती.

"जमलं! पण असं अचानक कसं?"

"तुजं गनित बरोबर व्हतं, बाय," हिरामण म्हणाला. "तेल माजं व्हतं."

तिने व्हॉल्व्हकडे बघितलं, मग त्याच्या पाठीमागे बांधलेल्या हातांकडे.

पाळी संपली तेव्हा त्याने रजिस्टर पुढे ओढलं. एकोणीस वर्षांच्या 'नाही'खाली, नेहमीपेक्षा ठसठशीत अक्षरात, त्याने लिहिलं: 'आला.' आणि साहेबांना जाता-येता दिसेल असं पान उघडंच ठेवून तो हात धुवायला गेला.