मेणाचा हात

त्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. अकराच्या सुमारास मेहुणा राजानंद मोटरसायकलवर स्टील मिलच्या गेटवर आला. हेल्मेट काढेना.

"दाजी, जल्दी चला."

"काय झालं?"

"आधी बसा ना गाडीवर."

एमआयडीसीचा रस्ता संपेपर्यंत मी तीनदा विचारलं. त्याची पाठ हुंदक्यांनी हलायला लागली तेव्हा मी समजलो. माझी बायको, बेबीनंदा, भाकरी थापता थापता छातीत कळ येऊन गेली होती.

त्याच्या तीन वर्षं आधी मिलमध्ये गरम सळईनं माझा उजवा हात भाजला होता. मूठ वळेना. चार महिने तिनं मला घास भरवले. हरेगावच्या चर्चमधल्या मतमाउलीला नवस बोलली, मूठ वळली की दोघं जालन्याहून पायी येऊ, मेणाचा हात ठेवू, आभार मानू. चर्चमधले मेणबत्त्यांचे तुकडे वितळवून तो हातही तिनंच केला.

"पाची बोटं सारखीच केलीस की," मी हसलो.

"माउलीला कळतं कोणाचा हाय ते. तुम्ही फक्त रजा काढा."

मूठ वळली. रजा मात्र मी दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलली.

दफनाला फादर म्हणाले, माती टाका. मी टाकली. त्याच मुठीनं.

या सप्टेंबरात माउलीच्या यात्रेला चर्चचे अकरा जण पायी हरेगावला निघाले, त्यांच्यासोबत मीही निघालो, अनवाणी. पिशवीत तिच्या रुमालात बांधलेला मेणाचा हात. माउलीला काय म्हणायचं ते ठरलेलं होतं: हा बरा केलेला हात परत घे, बेबीनंदा परत दे. असं होत नसतं हे मला कळत होतं, तरी चालत होतो. पहाटे सगळे जपमाळ म्हणायचे. त्यातले 'आमच्या मरणाच्या वेळी' हे शब्द आले की माझं तोंड मिटायचं.

शेजारी चालणाऱ्या म्हाताऱ्या झुंबरबाईनं ते हेरलं.

"काय रे, नवस फेडायला चाललास का भांडायला?"

"भांडायला, मावशी."

"मंग पाणी पी आधी. सुकल्या घशानं भांडता येत न्हाई."

तिसऱ्या दिवशी तळपायांना फोड आले. दर पावलाला वाटायचं, ही वाट तिच्यासोबत चालायची होती. रजा काही माउलीनं अडवली नव्हती. माउलीवरचा सगळा राग फिरून माझ्यावर आला.

हरेगावला रांगेत चार तास गेले. माउलीच्या मूर्तीपुढं पोचल्यावर रुमाल सोडला. मेणाच्या मनगटावर बेबीनंदाच्या अंगठ्याचा ठसा होता. ठरवलेलं काहीच बोलता आलं नाही. हात ठेवला. आभार मानावे म्हणून हात जोडले, तर मुठीतली ती माती आठवली.

"झालं का भांडून?" झुंबरबाईनं मागून विचारलं.

"भांडणच राह्यलं न्हाई, मावशी."

"मंग बोल की काहीतरी."

मागची माणसं ढकलत होती. मी बाजूला झालो.

घरी येऊन महिना झाला. आता भाकरी मीच थापतो. पायी गेलो, हात ठेवला. आभार अजून मानलेले नाहीत.